दोन तळहात जमीन : मोटरसायकलीच्या टायरांची निवड

पावसाळा तोंडावर आला म्हणजे शहरांतील घराघरांत एक ठराविक धांदल सुरू होते. छत्र्यांच्या काड्या तपासल्या जातात, गच्चीवरील पन्हळी साफ होतात, धान्याच्या डब्यांना ऊन दाखविलें जातें. परंतु ज्या घरांत एखादी वेगवान मोटरसायकल आहे, त्या घरांत तिच्या चाकांवरील रबराकडे वांकून पाहणारें माणूस क्वचितच आढळतें. तेल बदललें, साखळी पुसली, रंगाला चकाकी आणली, कीं वाहनाची निगा राखली, असें समजण्याची रीत पडून गेली आहे. वस्तुतः त्या वाहनाचा जो एकच भाग जमिनीला लागतो, तोच सर्वांत उपेक्षित राहतो.

बैलगाडीच्या काळीं असें नव्हतें. लांकडी चाकावरील लोखंडी धांव ढिली झाली, कीं गाडीवान चाक लोहाराकडे नेई. लोहार धांव लालबुंद तापवून चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धांव आकसून चाकाला घट्ट धरी. त्या धांवेचें काम एवढेंच, कीं लांकूड झिजूं नये आणि चाक खिळखिळें होऊं नये. रबरी धांवेचें, म्हणजे टायराचें, काम याहून फार मोठें आहे. त्यानें वजन पेलावयाचें, खड्ड्यांचे धक्के गिळावयाचे, इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा रेटा रस्त्यापर्यंत पोंचवावयाचा, आणि वळणांत आडवें झुकलेलें वाहन घसरूं द्यावयाचें नाहीं. हीं सारीं कामें एकाच वेळीं करावयाचीं असल्यामुळें, जुना टायर झिजल्यावर त्याच्या जागीं नवा कोणता घ्यावा हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाहीं.

पुण्यांतील कोथरूड भागांत राहणाऱ्या एका कुटुंबाचें उदाहरण या विषयाची फोड करण्यास सोयीचें आहे. या घरांतील थोरली मुलगी हिंजवडीस नोकरी करते. तिच्याजवळ के.टी.एम. आर.सी. ३९० या नांवाची, पुण्याजवळ चाकण येथील कारखान्यांत तयार झालेली स्पोर्ट मोटरसायकल आहे. नऊ हजार किलोमीटर चालून तिचा मागचा टायर मधोमध जवळजवळ गोटा झाला होता. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा एक पाऊस पडून गेल्यावर, सिग्नलजवळ पादचाऱ्यांसाठीं रंगविलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर तिनें ब्रेक लावला आणि मागचें चाक हातभर बाजूला सरकलें. ती पडली नाहीं. पण घरीं येऊन तिनें शिरस्त्राण काढलें, तेव्हां मुलीचा हात कांपत आहे हें आईच्या ध्यानांत आलें. त्याच रात्रीं टायर बदलण्याचें ठरलें. आणि त्याच रात्रीं मतभेदहि सुरू झाले.

वडिलांचें म्हणणें असें, कीं एकदां पैसे टाकावयाचेच तर सर्वांत अधिक किलोमीटर चालणारा, कठीण रबराचा टायर घ्यावा. मुलीच्या एका मित्राचा आग्रह असा, कीं शर्यतींत वापरतात तो मऊ टायर घ्यावा, कारण पकड म्हणावी तर त्याचीच. धाकट्या भावाचें मत असें, कीं कोणताहि घ्या, पण मापानें रुंद घ्या. रुंद टायर म्हणजे अधिक जमीन, आणि शिवाय दिसतेंहि छान. हीं तिन्ही मतें केवळ एका घरांतलीं नाहींत. टायराच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या बहुतेक गिऱ्हाइकांच्या मनांत यांपैकीं एखादें मत घर करून असतें. म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणें योग्य होईल.

प्रथम जमिनीचाच हिशेब पाहावा. मोटरसायकल आणि तिच्यावर बसलेलें माणूस यांचें एकत्र वजन अडीचशें किलो धरलें, तर एकेका चाकावर सुमारें सव्वाशें किलो भार येतो. टायरांतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें दोन किलो असतो. भागाकार केला, तर एका चाकाचा साठ-बासष्ट चौरस सेंटिमीटर एवढाच तुकडा जमिनीस टेकतो असें ढोबळ उत्तर मिळतें. माणसाच्या तळहाताहून तो कांहींसा लहानच भरेल. अशा दोन तळहातांवर सारें वाहन, त्याचा वेग आणि त्यावरील जीव विसंबून असतो. चारचाकी मोटारीचें एक चाक घसरलें तर उरलेलीं तीन तिला सांवरूं शकतात. दुचाकीला तशी सोय नाहीं.

शिवाय मोटरसायकल मोटारीसारखी उभी राहून वळत नाहीं; तिला आंतल्या बाजूस झुकावें लागतें. किती झुकावें लागेल, हें वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतें. तीस मीटर त्रिज्येचें वळण ताशीं ३६ किलोमीटर वेगानें घेतलें, तर सुमारें १९ अंश झुकावें लागतें. तेंच वळण ताशीं ५४ किलोमीटर वेगानें घेतलें, तर झुकाव सुमारें ३७ अंशांवर जातो. वेग दीडपट झाला, पण टायरावर पडणारी आडव्या पकडीची मागणी सव्वादोनपट झाली. म्हणून मोटरसायकलीचा टायर मोटारीच्या टायरासारखा सपाट नसून कमानीसारखा गोल असतो. सरळ जातांना त्याचा मध्यभाग जमिनीला लागतो, झुकतांना कडेचा भाग लागतो. रोज सरळ रस्त्यानें ये-जा करणाऱ्याच्या टायराची कमान मधोमध झिजून चपटी होते. मग वळतांना वाहन सहजपणें झुकत नाहीं. त्या चपट्या भागाच्या कडेवरून एकदम कलंडल्यासारखें होतें. नक्षी शिल्लक दिसत असूनहि टायर बदलण्याची वेळ आली, असें समजण्याचें हें एक लक्षण आहे.

आतां रबराचा गुण. झाडाच्या चिकापासून मिळणारें कच्चें रबर उन्हांत चिकट व थंडींत ठिसूळ होतें. अमेरिकेंत चार्लस गुडइयर यानें १८३९ मध्यें गंधक मिसळून तें तापविलें, आणि त्यास टिकाऊपणा आणला. हवेनें फुगविलेल्या चाकाचें पेटंट रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं घेतलें होतें. पण तें मागें पडलें. पुढें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं अशीच युक्ति नव्यानें योजिली आणि १८८८ मध्यें पेटंट घेतलें. तेव्हांपासून टायर म्हणजे रबरांत कोंडलेली हवा, हें समीकरण रूढ झालें.

रबर रस्त्याला दोन प्रकारांनीं धरतें. एक तर तें दाबलें जाऊन डांबरांतील खडीच्या बारीक उंचसखल भागांत शिरतें आणि तेथून सहज सुटत नाहीं. दुसरें, त्याचा पृष्ठभाग कोरड्या दगडाला किंचित् चिकटतो. रस्ता ओला झाला, कीं मधल्या पाण्यामुळें हें दुसरें साधन दुबळें होतें आणि सारी मदार पहिल्यावर येते. रबर जितकें मऊ, तितकें तें खडीवर चांगलें बसतें. पण तितकेंच लौकर झिजतेंहि. टायराला काळा रंग आणि झीज सोसण्याची शक्ति देणारें काजळ आणि ओल्या रस्त्यावर पकड वाढविणारी सिलिका, यांचें प्रमाण कमीअधिक करून निर्माते या दोन गुणांचा मेळ घालतात. कांहीं टायरांत मधला पट्टा कठीण रबराचा व कडा मऊ रबराच्या ठेवितात. सरळ रस्त्यावरची झीज मधल्या पट्ट्यानें सोसावी आणि वळणांतील पकड कडांनीं द्यावी, असा त्यांतील हेतु आहे.

एवढें समजलें म्हणजे वडिलांच्या मतांतील उणीव दिसूं लागते. केवळ टिकाऊपणावर नजर ठेवून केलेला टायर खर्चाच्या वहींत स्वस्त पडतो. पण पावसाळ्यांत पांढऱ्या पट्ट्यावर, गटाराच्या लोखंडी झांकणावर किंवा सांडलेल्या डिझेलवर जेव्हां खरी पकड लागते, तेव्हां तो हात आंखडता घेतो. पहिल्या पावसांत तर रस्त्यावर साठलेली धूळ आणि तेल यांचा पातळ राडा होतो. त्या दिवशीं जुना कठीण टायर आणि नवा योग्य टायर यांतील अंतर एका ब्रेकमध्यें कळून येतें. दर किलोमीटरास किती पैसे पडले हा हिशेब खोटा नाहीं. तो अपुरा आहे.

मग शर्यतीचा टायर कां घेऊं नये? येथें उष्णतेचा प्रश्न येतो. शर्यतीच्या रबराची पकड तें चांगलें तापल्यावरच खुलते. शर्यतीच्या मैदानावर चाकांना विजेच्या गरम आच्छादनांत गुंडाळून ठेवितात, तीं सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवितात, आणि मग शर्यतवीर अतिवेगानें धांवून तें तापमान राखतो. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील मैदानावर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हें शक्य आहे. चांदणी चौकांतील रहदारींत किंवा ताम्हिणी घाटांतील धुक्यांत तें शक्य नाहीं. तेथें हाच टायर थंड राहतो आणि थंड राहिलेलें शर्यतीचें रबर साध्या चांगल्या टायराच्याहि मागें पडूं शकतें. शिवाय रोजच्या धांवेवर तें लवकर संपतें, हा तोटा निराळाच.

शर्यतीच्या टायरासंबंधीं आणखी एक गैरसमज आहे. कोरड्या मैदानावर धांवणारे हे टायर अगदीं गुळगुळीत असतात, हें पाहून कित्येक जण विचारतात, कीं मग गुळगुळीत झालेल्या जुन्या टायरानें काय बिघडतें? उत्तर असें, कीं कोरड्या रस्त्यावर खाचांची गरज नसते; खांच नाहीं तेथें तेवढें अधिक रबर जमिनीला लागतें. खाचांचें काम पाणी बाहेर फेंकणें हें आहे. पाणी वेळेवर बाहेर पडलें नाहीं तर वेग वाढतांच टायर पाण्याच्या थरावर चढतो, आणि मग सुकाणूचा व ब्रेकचा जमिनीशीं संबंधच तुटतो. पाऊस येतांच शर्यतवीरहि गुळगुळीत टायर उतरवून खाचांचे टायर चढवितात, हें विसरतां कामा नये. शिवाय गोटा झालेला टायर म्हणजे मऊ, ताज्या रबराचा गुळगुळीत टायर नव्हे. मूळचा थर संपून उरलेलें तें जुनें, निबर रबर असतें.

आतां भावाचें मत. या मोटरसायकलीच्या मागच्या टायराचें माप १५०/६० झेड.आर. १७ असें आहे. त्याचा अर्थ : रुंदी १५० मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १७ इंच. तेथें १६० रुंदीचा त्याच प्रमाणाचा टायर चढविला, तर भिंतीची उंची ९६ मिलिमीटर होईल आणि चाकाचा व्यास १२ मिलिमीटरांनीं वाढेल. एवढ्यानें मागची बाजू किंचित् उंचावते, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांचें जें प्रमाण ब्रेकच्या स्वयंचलित यंत्रणेनें गृहीत धरलेलें असतें, तें बदलतें. त्याहून महत्त्वाचें असें, कीं रिम तीच राहिल्यामुळें रुंद टायर कडांनीं आंत ओढला जातो आणि त्याची कमान निर्मात्यानें योजिलेली राहत नाहीं. आणि रुंद टायर झुकला म्हणजे जमिनीला टेकणारी जागा मध्यापासून अधिक दूर जाते; म्हणून तेंच वळण त्याच वेगानें घेण्यास वाहन उलट अधिकच झुकवावें लागतें. अधिक जमीन मिळेल ही आशाहि फोल आहे. कारण टेकणारा तुकडा किती मोठा हें मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवितात. रुंदीनें त्याचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसें बदलत नाहीं. सारांश, वाहनाच्या पुस्तिकेंत दिलेलें माप हेंच योग्य माप होय.

मापापुढें लिहिलेलीं अक्षरेंहि वाचावयास शिकावीं. ‘आर’ म्हणजे रेडियल. या टायरांत आंतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, सरळ गेलेले असतात. साध्या टायरांत ते तिरपे व एकमेकांस छेदणारे असतात. वेगवान वाहनाच्या रेडियल टायरास उष्णता कमी चढते आणि तो जमिनीवर अधिक सारखा बसतो. कांहीं मोटरसायकलींस निर्मातेच पुढें साधा व मागें रेडियल टायर देतात. तेथें तीच जोडी ठेवावी, आपल्या कल्पनेनें उलटापालट करूं नये. पुढें ‘६६ डब्ल्यू’ असें लिहिलेलें असतें. ६६ हा भाराचा अंक असून त्याचा अर्थ ३०० किलोपर्यंत भार. ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशीं २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. याच क्रमांत ‘पी’ म्हणजे १५०, ‘एस’ म्हणजे १८० आणि ‘एच’ म्हणजे २१०. एवढ्या वेगानें कोणी जावें असा याचा अर्थ नव्हे. तो टायर किती उष्णता व ताण सोसूं शकतो, याची ती खूण आहे; म्हणून मूळच्यापेक्षां खालच्या दर्जाचा टायर घेऊं नये.

बाजूच्या भिंतीवर लंबगोलांत चार आंकडे असतात. ते टायराची जन्मतिथि सांगतात. २३२४ असें असेल, तर तो २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. रबर वापरलें नाहीं तरी हवेंतील प्राणवायु, ओझोन व ऊन यांमुळें हळूहळू निबर होतें आणि त्यास बारीक चिरा पडतात. कांहीं निर्माते पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, आणि दहा वर्षांनंतर टायर नक्षी असली तरी वापरूं नये, असा सल्ला देतात. परदेशीं टायरांच्या बाबतींत हे आंकडे विशेष काळजीनें पाहावे. केंद्र सरकारनें जून २०२० मध्यें टायरांच्या आयातीस परवान्याची अट घातली, तेव्हां कांहीं लोकप्रिय परदेशीं टायर बाजारांत दुर्मिळ झाले. आणि दुर्मिळ माल कोठें तरी पडून राहिलेलाहि असूं शकतो. भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह टायरावर आहे कीं नाहीं हेंहि त्याच वेळीं पाहावें. दुचाकी व तिचाकी यांच्या टायरांचें मानक आय.एस. १५६२७ हें आहे.

झीज मोजण्याचीहि सोय टायरांतच केलेली असते. खाचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली, कीं टायर संपला. मोटार वाहन नियमांनीं दुचाकीसाठीं नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर ठरविली आहे. पण ही कायद्याची शेवटची पायरी आहे, सुरक्षिततेची नव्हे. जूनमध्यें दीड मिलिमीटर नक्षी राहिलेला टायर सप्टेंबरपर्यंत ओढूं, असा हिशेब करणाऱ्यानें पावसाच्या सर्वांत वाईट दिवसांसाठीं सर्वांत वाईट टायर राखून ठेविलेला असतो.

हें सर्व ऐकूनहि त्या घरांतील वाद मिटला नव्हता. कारण कोणता टायर वाईट हें कळलें तरी कोणता बरा हें कळलें नव्हतें. बाजारांत या मापाचे टायर ढोबळ मानानें तीन वर्गांत पडतात. पहिला वर्ग मैदानावरील शर्यतीशीं जवळीक असलेल्यांचा. पिरेलीचा डायब्लो सुपरकोर्सा हा त्यांतला. दुसरा, रस्त्यावर चपळपणें चालविणाऱ्यांसाठीं; त्याच कंपनीचा डायब्लो रोसो हा त्यांतला. तिसरा, वेग व प्रवास या दोहोंचा मेळ घालणाऱ्यांचा. पिरेलीचा एंजल किंवा मिशेलिनचा रोड हे त्यांतले. या तिसऱ्या वर्गांत खाचा अधिक असतात, रबर थंडींत व ओल्यांत लवकर कामास लागेल असें मिसळलेलें असतें आणि मधला भाग अधिक काळ टिकतो. एम.आर.एफ., सीएट, अपोलो व टी.व्ही.एस. हे भारतीय निर्मातेहि वेगवान मोटरसायकलींचे रेडियल टायर करूं लागले आहेत. त्यामुळें निवड करतांना नांवापेक्षां वर्ग आधीं ठरवावा, मग त्या वर्गांतील आपल्या मापाचे, ताज्या तारखेचे टायर पाहावे.

दुकानदार जुना-जाणता होता. त्यानें किंमत सांगण्यापूर्वीं तीनच प्रश्न केले. “ताई, महिन्याला किती किलोमीटर होतात? त्यांतले घाटांतले किती? आणि पावसांत गाडी बंद ठेवतां कीं चालवतां?”

मुलीनें अंदाजानें उत्तर दिलें, “निम्मे तरी घाटांतले असतील.”

तिच्याबरोबर आई आली होती. घरांतील पेट्रोलचा खर्च ती वहींत टिपून ठेवीत असे, आणि त्या टिपणांत किलोमीटरचे आंकडेहि होते. तिनें पिशवींतून वही काढली. महिन्याकाठीं सुमारें साडेनऊशें किलोमीटर होत होते. त्यांतील साडेसातशें हिंजवडीच्या जाण्यायेण्याचे; ताम्हिणीच्या दोन फेऱ्यांचे मिळून दोनशें-सव्वादोनशें. मैदानावरील एकहि नाहीं. आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचीं पानेंहि इतर महिन्यांइतकींच भरलेलीं होतीं; म्हणजे पावसांत गाडी कधींच बंद नव्हती.

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग हंसून म्हणाली, “आई, माझ्या मनांतली गाडी निराळीच चालते ग!”

निवडीची खरी किल्ली या एका वाक्यांत आहे. माणूस टायर घेतो तो बहुधा मनांतल्या गाडीसाठीं. मनांतली गाडी सदैव कोरड्या, निर्मनुष्य घाटांत धांवते. तिला वाटेंत पांढरे पट्टे, झांकणें, खडी, शेणाचे पो किंवा आडवी येणारी रिक्षा लागत नाहीं. प्रत्यक्षांतली गाडी मात्र चांदणी चौकांत उभी असते. जो टायर प्रत्यक्षांतल्या गाडीच्या सर्वांत वाईट दिवसाला पुरा पडतो, तोच चांगला. चांगल्या दिवशीं बहुतेक टायर चांगलेच असतात.

त्या दिवशीं तिसऱ्या वर्गांतील जोडी घेण्यांत आली. वडिलांची इच्छा मागचा एकच टायर बदलण्याची होती. पुढच्यावर नक्षी दिसत होती. परंतु ब्रेक लावतांना वाहनाचें वजन पुढच्या चाकाकडे धांवतें, आणि थांबविण्याचें मुख्य काम तेंच करतें. पुढचा टायर सहसा सावकाश झिजतो, म्हणून तो चांगलाच असेल असें धरून चालूं नये. या पुढच्या टायरावरील नक्षीच्या ठोकळ्यांची एकेक कड ब्रेकनें खाल्ली गेली होती आणि रबर निबर झालें होतें. शिवाय पुढची आणि मागची कमान एकमेकींशीं जुळणारी असेल तरच वाहन सारखेपणानें झुकतें. म्हणून शक्य तर दोन्ही टायर एकाच निर्मात्याचे, एकाच प्रकारचे व एकाच वेळीं घ्यावे. वडिलांनीं ठोकळ्यांवरून बोट फिरवून पाहिलें आणि दुसऱ्या टायराचेहि पैसे दिले.

टायर चढवितांनाहि चार गोष्टी पाहाव्या. भिंतीवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेनें असावा. हवेचा जुना व्हॉल्व्ह बदलून नवा बसवावा. टायराची कड रिमवर चहूंकडून सारखी बसली आहे, हें भिंतीवरील बारीक रेघ पाहून ठरवावें. आणि चाकाचें बॅलन्सिंग करून घ्यावें. नव्या टायराचा पृष्ठभाग सांच्यांतून निघाल्यामुळें तुकतुकीत असतो. तो थोडा खरखरीत होऊन कामास लागेपर्यंत पहिले शंभर-दीडशें किलोमीटर हळू चालवावें, एकदम ब्रेक लावूं नये, आणि झुकाव थोडाथोडा वाढवावा. नवा टायर घेतला म्हणून त्याच संध्याकाळीं घाटांत जाणें, हा नव्या टायरावर पडण्याचा नेहमींचा मार्ग आहे.

शेवटची गोष्ट हवेची. दाब सकाळीं, चाक थंड असतांना, पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें राखावा. तापमान दहा अंशांनीं वाढलें तर तीस पौंडांचा दाब सुमारें दीड पौंडानें वाढतो. म्हणून तापलेल्या चाकांतील वाढीव हवा काढून टाकूं नये. हवा कमी राहिली तर टायर अधिक लवतो, आंतून तापतो आणि कडांनीं झिजतो. अधिक झाली तर कमान ताठ होऊन टेकणारी जागा घटते. खिळा नक्षीच्या पट्ट्यांत शिरला असेल तर दुरुस्ती होऊं शकते. बाजूच्या भिंतीला भोंक पडलें, तर तो टायर टाकून द्यावा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत मुलगी त्याच सिग्नलपाशीं, त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर, भर पावसांत थांबली. चाक सरकलें नाहीं. नव्या रबराला त्याचें श्रेय होतेंच. पण या वेळीं तिनें पट्टे येण्याआधींच वेग कमी केला होता, हेंहि तितकेंच खरें. टायर पकड देतो. ती कोठें आणि किती खर्च करावयाची, हें चालविणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. घरांतील त्या वहींत आतां पेट्रोल आणि किलोमीटर यांच्या शेजारीं तिसरा रकाना आंखलेला आहे. त्याच्या माथ्यावर आईनें एकच शब्द लिहिला आहे : हवा. दर रविवारीं सकाळीं, चहा होण्यापूर्वीं, तो भरला जातो.